‘सकाळी काही सुचतच नाही’: घरून जाहिरातीचं काम करणाऱ्या नागपूरकर मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: “पुण्यातल्या एजन्सीतली नोकरी सोडून नागपूरला परत आले. मानेवाड्याला आईवडिलांकडे राहते आणि घरूनच कॉपी (जाहिरातीचा मजकूर), सोशल मीडिया, थोडंफार डिझाइन करते. साड्यांचं दुकान, दातांचा दवाखाना, एक कोचिंग क्लास असे क्लायंट आहेत. काम मिळतं, पण सकाळी लॅपटॉप उघडला की डोकं रिकामं. प्रेरणादायी व्हिडिओ बघते, अर्धा तास बरं वाटतं. घरच्यांना वाटतं मी मोकळीच असते. पैसे मागायची लाज वाटते. हे काम हसतखेळत करायचं कसं? आणि को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, जागा घ्यावी का?”

आधी ते व्हिडिओ बंद कर. पहाटे चारला उठणाऱ्या कुठल्यातरी उद्योगपतीची दिनचर्या बघून दातांच्या दवाखान्यासाठी ओळ सुचत नाही. शिवाय तो चारला उठतो तेव्हा त्याचा चहा कोण करतं, हे त्यात कधी दाखवत नाहीत. (मी तुला ‘तू’च म्हणते आहे. माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.)

मला तुझ्या प्रश्नातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. पुण्यात सुचायचं, इथे सुचत नाही. तू तीच, लॅपटॉपही बहुतेक तोच. गेली ती आजूबाजूची वर्दळ. एजन्सीत डबा खाताना कोणीतरी सासूची नक्कल करायचं. क्लायंटशी फोनवर मधाळ बोलणारा सहकारी फोन ठेवल्या ठेवल्या त्याचा उद्धार करायचा. चहा देणारा पोरगा तुमच्या भिंतीवरचं पोस्टर बघून “हे काय आहे, समजलं नाही” म्हणून निघून जायचा. याचं बिल कोणी लावत नव्हतं, पण तुझ्या निम्म्या ओळी तिथूनच यायच्या. आता दिवसभर तू, आई, कुकरच्या शिट्ट्या आणि समोरचा पडदा. आत काही पडतच नसेल तर बाहेर काय येणार? मी हे काम नागपुरात बरीच वर्षं एकटीनं करते आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यासारख्या एकट्यानं काम करणाऱ्यांच्या कानावर रोज लोकांचं बोलणं पडलं पाहिजे. ऑफिसात ते बसल्या जागी पडतं. घरून काम करताना त्यासाठी उठून जावं लागतं.

सुरुवात पोह्यांपासून कर. हसू नकोस. सकाळी सात ते दहा या वेळात पोह्याच्या गाडीवर जितक्या तऱ्हेची माणसं एकत्र उभी असतात तितकी या शहरात दुसरीकडे कुठे नसतात. स्पर्धा परीक्षेची पोरं, रात्रपाळी संपवून आलेला वॉचमन, प्लॉटचे दलाल, आणि फिरायला म्हणून घरून निघालेले, पण चालून झाल्यावर तर्रीवर दुप्पट वसूल करणारे काका. गाडीवाल्याचा हात बघ. परातीत पोह्यांचा ढीग, खालून वाफ, शेजारी तर्रीचं पातेलं. पळी आधी वरच्या लाल तवंगातून फिरते, मग तळाशी जाऊन चणे उचलते, आणि प्लेटीत अशी उलटी होते की अर्धे पोहे लाल होतात, अर्धे पिवळेच राहतात. वर कांदा, शेव, लिंबाची फोड. “तर्री कमी टाक” म्हणणाऱ्याकडे तो अशा नजरेनं बघतो, की तो माणूस बाहेरगावचा आहे हे आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं.

आता कान. एका सकाळी माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ फक्त डाव्या बाजूनं चावत होते. सोबतच्या माणसानं विचारलं, तर म्हणाले, “दोन महिन्यांपासून एकाच बाजूनं खाऊन राहिलो ना बाप्पा. डॉक्टरकडे गेलो त तो दात काढूनच टाकन.” यावर मित्राचा प्रश्न: “मंग दुसरी बाजू काय दिवाळीसाठी ठेवली काय?”

तुझ्या दवाखान्याचं महिन्याभराचं काम या दोन वाक्यांत आहे. दात दुखणारा माणूस डॉक्टरकडे का जात नाही? दुखतं म्हणून तो घाबरत नाही, दात काढतील म्हणून घाबरतो. मग पोस्टवर तर्री पोह्याची प्लेट, अर्धी खाल्लेली, आणि ओळ: “एकाच बाजूनं चावताय? आधी बघू तर द्या. काढायचं की नाही ते नंतर.” आता ही ओळ “आपले हास्य, आमची जबाबदारी”च्या शेजारी ठेवून बघ. दंतवैद्यांवर जाहिरातीच्या बाबतीत त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहितेची बंधनं असतात, त्यामुळे “शहरातील सर्वोत्तम” छापाची बढाई तशीही टाळावीच लागते. बढाई गेली की माणसाच्या खऱ्या भीतीशी बोलणं उरतं, आणि ती भीती गाडीवर फुकट ऐकायला मिळते.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायचं, व्याकरणाच्या चुकांसकट. घरी येऊन ते “शुद्ध” करायचं नाही. शुद्ध केलं की त्यातला माणूस जातो. वहीत लिही, फोनवर लिही, पण कोणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं नाही आणि नावगाव टिपायचं नाही. आपल्याला वाक्य हवं, माणसाची कुंडली नको.

साड्यांच्या दुकानाचं तर तू दुकानातच बसून कर. मालकाला विचार, लगीनसराईतल्या शनिवारी दुपारी तासभर गादीच्या कडेला बसू देतील का म्हणून. देतात, उलट चहाही पाजतात. सेल्समनकडे लक्ष ठेव. तो साडी “दाखवत” नाही, झटक्यात हवेत उलगडतो आणि पदर ग्राहकाच्या बाजूला पडेल अशी पसरवतो. दुसरी साडी पहिलीवर, तिसरी दुसरीवर. बाई “बस झालं, घड्या घालाव्या लागतील तुम्हाला” म्हणाली की त्याचं ठरलेलं उत्तर तयार असतं: “घड्या घालायचाच पगार आहे ताई, तुम्ही बघा.” त्या एका वाक्यानं संकोच संपतो आणि आणखी दहा साड्या खाली येतात. तुझ्या क्लायंटच्या पानावर हे वाक्य आहे का? नसणार. तिथे “परंपरेचा साज, नावीन्याचा अंदाज” असणार. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत दर तिसऱ्या दुकानाचा तोच साज असतो आणि तोच अंदाज.

अशाच एका दुपारी एका नवरीच्या आईला मी ऐकलं. रिसेप्शनसाठी साडी बघत होत्या. जरी, काठ, रंग, कशाबद्दलच बोलत नव्हत्या. प्रत्येक साडी हातात घेऊन तिचं वजन बघायच्या आणि म्हणायच्या, “चार तास स्टेजवर उभं राहायचं आहे मला. फोटो त दोन मिनिटांचा असते.” त्या दुकानाच्या पानावर पुढच्या मोसमात आम्ही रंगांप्रमाणे कप्पे केलेच नाहीत. “चार तास उभं राहण्यासाठी”, “पंगत वाढण्यासाठी”, “फक्त फोटोसाठी” असे कप्पे केले. शेवटच्या कप्प्यावर बायका हसल्या आणि मैत्रिणींना पाठवत सुटल्या. मालकांना आधी पसंत नव्हतं. “पंगत वाढायला कोण साडी घेते?” म्हणाले. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, “मी.” विषय संपला.

तू विचारलं नाहीस, पण मनात असेल: आता क्लायंट म्हणतात, हे सगळं एआय फुकटात लिहून देतं. देतं की. “परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम” ते दिवसाला हजार वेळा लिहील, न थकता. ते काम त्याला खुशाल करू दे, मीही करून घेते. पण नवरीच्या आईनं साडी हातात तोलली तेव्हा दुकानात तू होतीस, ते नव्हतं.

नागपूरकर कॉपीरायटरनं वर्षातला एक दिवस तरी कुठलंही काम घेऊ नये. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबत आणि बडग्यांचा. मारबत म्हणजे ईडा-पीडा घालवायला मिरवत नेतात तो बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना फितूर झालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. पण आपल्या कामाचे खरे गुरू म्हणजे बडगे. गल्लीतली पोरं कागद, कापड, बांबू लावून पुतळे करतात आणि त्या वर्षी ज्यानं सगळ्यांना छळलं त्याची मिरवणूक काढतात: महागाई, खड्डे, वीजबिल, भ्रष्टाचार, कधी एखादा दूरदेशीचा नेताही. पुतळ्याच्या गळ्यात पाटी. पाटी लिहिणाऱ्यानं कुठल्याही संस्थेत जाहिरातशास्त्र शिकलेलं नसतं, पण त्याला काही गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. गर्दी चालती आहे, म्हणजे वाचायला दोन-तीन सेकंद. ढोल वाजतो आहे, म्हणजे अक्षर मोठं हवं. आणि राग सगळ्यांचा एकच असला पाहिजे, नाहीतर कोणी हसणार नाही. यमक जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तरी चालतं, पण वाचणाऱ्याला “हे माझंच आहे” वाटलं पाहिजे. इतवारीतल्या एखाद्या ओट्यावर जागा धरून बस आणि लोक कुठल्या पाटीवर हसतात, कुठल्या पाटीवर नुसतेच बघतात, एवढंच बघत राहा. महागड्या कार्यशाळेत मिळणार नाही एवढं तिथे मिळतं, वर शेंगदाणे.

“ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी मी माझ्या टेबलापर्यंत आणली आहे. दर महिन्याला एक कागदी बडग्या. त्या महिन्यात मला सर्वात जास्त छळलेलं वाक्य त्याच्या गळ्यात. “लोगो जरा मोठा करा.” “काहीतरी हटके पाहिजे, पण नेहमीसारखंच.” “माझ्या पुतण्याला कॅनव्हा येतं.” “फायनल झालं, फक्त एक शेवटचा बदल.” महिनाअखेरीस फाडून केराच्या टोपलीत. पोरकट आहे, मान्य. पण छळणाऱ्या वाक्याला गळ्यात पाटी अडकवली की त्याचा राग येईनासा होतो, ते विनोदी होतं, आणि क्लायंटचा फोन उचलताना आवाज बरा निघतो. फक्त वाक्य लिही, क्लायंटचं नाव नको. घरी कोण कधी येईल सांगता येत नाही.

रोज नवं काय द्यायचं, या चिंतेबद्दल. रोज सगळंच नवं द्यायचं असतं, हा समज एजन्सीतून आला असेल तर तिथेच ठेव. अमूलचं काम १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या एजन्सीकडे आलं, युस्टेस फर्नांडिस यांनी ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली, आणि तेव्हापासून चित्राची पद्धत तीच आहे. मुलगी तीच, बटर तेच, चौकटही साधारण तीच. बदलते ती आठवड्याची बातमी आणि तिच्यावरची कोटी. साचा पक्का असल्यामुळे रोज सकाळी “आज काय करू” हा प्रश्नच उरत नाही, “आज गावात काय चाललंय” हा उरतो, आणि त्याचं उत्तर बाहेर मिळतं. तुझ्या प्रत्येक क्लायंटसाठी एक साचा ठरव. दवाखान्यासाठी “गाडीवर ऐकलेलं”, दुकानासाठी “कशासाठी नेसायची”. मग वर्षभर फक्त भरत राहा.

आणि ते जागतिक अमुक दिन, राष्ट्रीय तमुक दिन यांची तयार कॅलेंडरं मिळतात ना, ती अगदी नड असेल तेव्हाच काढ. नागपूरचं स्वतःचं कॅलेंडर त्याहून कितीतरी भरलेलं आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की हॉटेलं फुल्ल, रस्ते बंद, आणि प्रत्येक रिक्षावाल्याकडे एक राजकीय विश्लेषण. आंबिया बहाराची संत्री संपत आली की थोड्याच दिवसांत मृगाची येतात, आणि दोन्ही वेळा घराघरात “यंदा आंबट आहेत” हे वाक्य ऐकू येतं. मे महिन्यात नवतपा, म्हणजे भाजून काढणारे नऊ दिवस. जूनमध्ये तुझ्या कोचिंग क्लासचे पालक, उन्हानं लाल झालेले, फॉर्मच्या रांगेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर हातात पिशव्या घेऊन माणसं पुस्तकं निवडताना दिसतात. तिथे मात्र कुठल्याही क्लायंटची ओळ शोधायला जायचं नाही. वाचणारी माणसं बघायला जा, पुस्तकं घ्यायला जा. प्रत्येक दिवसाचा “कंटेंट” करायचा नसतो.

व्हेरायटी चौक ते झाशी राणी चौक पायी जा आणि नुसत्या पाट्या वाच. मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये सगळ्या दुकानांना लागू झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली, आणि मग घाईघाईत लागलेल्या पाट्यांमध्ये देवनागरीचे असे काही नमुने बघायला मिळतात की डिझाइन करणाऱ्याला हसू आणि काम दोन्ही मिळावं. काना एकीकडे, अनुस्वार शेजारच्या दुकानावर. अशा दुकानात जाऊन “मी नीट करून देऊ का?” विचारायला हरकत नाही. किंवा खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रोनं जाऊन परत ये, फोन पिशवीत ठेवून. वरून शहर वेगळं दिसतं, आणि दुपारी मेट्रोच्या डब्यात कॉलेजची पोरं जे बोलतात ते तुझ्या कोचिंग क्लासनं ऐकायलाच हवं.

आता घरचे. “मोकळीच आहेस ना, सिलिंडर येणार आहे, थांब जरा.” हे वाक्य घरून काम करणाऱ्या प्रत्येकीच्या नशिबात आहे. भांडून उपयोग नाही. आईच्या दृष्टीनं जो पाकीट-रुमाल घेऊन बाहेर पडतो तो कामावर जातो, बाकी सगळे घरी असतात. मग तिच्याच भाषेत बोल. सकाळी आवरून, घरच्या कपड्यांतून बाहेर येऊन, पिशवी घेऊन, “येते” म्हणून बाहेर पड. पोहे खा, चक्कर मार, अर्ध्या तासानं परत ये आणि खोलीत जा. परत आलीस तरी तू आता “आलेली” असतेस, आधी “असलेली” होतीस. हे हास्यास्पद वाटतं, पण चालतं. आणि महिन्यातून एकदा एखादं बिल घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. रकमेसकट. सिलिंडरची जबाबदारी लगेच बाबांकडे जाते.

वेळेचं म्हणशील तर नागपुरात एप्रिल ते जून नऊ ते सहा काम करायचा हट्ट धरू नकोस. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या दुपारी कूलरच्या घरघरीत कोणाला काय सुचणार? क्लायंटला वाटतं तू विमानतळावरून बोलते आहेस. सुचायचं काम पहाटे साडेपाच ते दहा. दुपारी बिलं, फाइल्सना नावं देणं, आकाराची कापाकापी, आणि सरळ झोप. संध्याकाळी सहानंतर फोन. आपल्या धंद्यात साहेब नाही याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

आठवड्यातून एक काम बिनकामाचं कर. पैसे नाहीत, मंजुरी नाही, बदल नाहीत असं. सोसायटीच्या टाकीसफाईची सूचना लिहून दे. पोहेवाल्याला पाटी करून दे. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याला मी लिहून दिली होती: “डब्यावर नाव टाका. डबे सगळ्यांचे सारखे असतात, पीठ नसतं.” त्याच्याकडची डब्यांची भांडणं कमी झाली की नाही ठाऊक नाही, पण लोक दळण ठेवताना पाटी वाचून एकमेकांकडे बघतात. क्लायंटनं चौदाव्यांदा बदल सांगितलेल्या दिवशी तिथून जाऊन आलं की बरं वाटतं. जमलं तर शिवाजीनगर-धरमपेठेतल्या चकचकीत कॅफेपेक्षा अशा जागा निवड. कॅफेत सगळे आपल्यासारखेच लॅपटॉप उघडून बसलेले असतात, आणि त्यांनाही काही सुचत नसतं.

पैशांची लाज. इथे तान्ह्या पोळ्याची पोरं डोळ्यांसमोर आण. हातात सजवलेला लाकडी बैल, दारात उभं राहायचं, बैल दाखवायचा, बोजारा (बैलाच्या नावानं मिळणारे पैसे) घ्यायचा, पुढच्या दारी. “सॉरी हं, त्रास देतोय” नाही, “शक्य असेल तर” नाही. बैल दाखवला, आता द्या. तू काम दाखवलंस, आता बिल. संदेश दोन ओळींचा असू दे: काम कोणतं, रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत. हात जोडलेली चिन्हं लावू नकोस. आणि निम्मे पैसे आधी, हे पहिल्याच भेटीत सांग, चहा येण्यापूर्वी. चहा झाल्यावर आपण सगळेच विरघळतो.

लाज जात नसेल तर कायद्याला बोलू दे. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी कर. सेवा देणाऱ्यालाही करता येते, ऑनलाइन होते, फुकट असते, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नकोस. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि तीही जास्तीत जास्त ४५ दिवस, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली ही रक्कम देणाऱ्याला प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा सीए आपोआप तुझ्या बाजूनं बोलू लागतो. नोंदणी काम सुरू करण्याआधीची असावी, म्हणून लांबवू नकोस. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि “देय मुदत: १५ दिवस” एवढं छाप. मी व्याज प्रत्यक्ष क्वचितच मागते. ओळ छापलेली असली की फोनवरचा सूर बदलतो. एकदा एका क्लायंटनं थकलेल्या बिलाऐवजी दिवाळीला संत्राबर्फीचा मोठा डबा पाठवला. बर्फी खाल्ली, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी तेच बिल पुन्हा पाठवलं.

राहिला को-वर्किंगचा प्रश्न. वर्षभराचं घेऊ नकोस, एप्रिल ते जून घेऊन बघ. एसीचा खर्च आणि घरातली सिलिंडरं, दोन्ही वाचतात. घेण्याआधी दुपारी दोन वाजता जाऊन बघ, सकाळी नको, सकाळी सगळ्याच जागा छान असतात. वीज गेली तर बॅकअपवर एसी चालतो की नुसते दिवे, फोनवर बोलायला वेगळी खोली आहे का, आणि चहाची टपरी किती पावलांवर आहे ते बघ, कारण तू तिथे जाणार आहेस ती टेबलासाठी कमी आणि टपरीसाठी जास्त. गाडी सावलीत लावता येते का हेही विचार. मे महिन्यात दुपारी उन्हातल्या स्कूटीवर बसायला लागलं की दुसऱ्या दिवसापासून तू परत घरूनच काम करशील.